पैसे फिटले, तरी फोन कंपनीचाच?

शाहूपुरी_सर

भाचा डॅलसला असतो. गेल्या दिवाळीला आला तेव्हा आईसाठी, म्हणजे त्याच्या आजीसाठी, स्वतःचा जुना फोन ठेवून गेला. २०२१ मध्ये तिकडच्या एका मोबाईल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी ठणठणीत. आईचं सिम घातलं तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, हे सिम चालणार नाही. माझं घातलं, बायकोचं घातलं, शेजाऱ्यांचं घातलं. तेच. राजारामपुरीत चार दुकानं पालथी घातली. एक म्हणाला, बाराशे द्या, सिमखाली चिप लावतो. दुसरा म्हणाला, डिस्प्ले काढून विका. भाच्याला विचारलं, तर हप्ते केव्हाच फिटलेत म्हणतो.

आता मला सांगा, पूर्ण पैसे मोजल्यावरही वस्तू वापरायला विकणाऱ्याची परवानगी लागत असेल तर ती विकत घेतली म्हणायची की भाड्यानं आणली? कॅनडानं १ डिसेंबर २०१७ पासून असे कुलूपबंद, म्हणजे फक्त एकाच कंपनीच्या सिमवर चालणारे, फोन विकायला बंदी केली. ब्रिटननं डिसेंबर २०२१ पासून केली, जपाननंही त्याच वर्षी ऑक्टोबरपासून हे प्रकरण जवळपास मोडीत काढलं. अमेरिकेत मात्र २०१३ साली उलटंच झालं. नव्या फोनचं हे कुलूप कंपनीला न विचारता काढणं बेकायदा ठरलं आणि ते निस्तरायला ऑगस्ट २०१४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडं बहुतेक फोन मोकळेच मिळतात, म्हणून कुणाला झळ नाही. पण हप्त्यावर फोन घेणारे वाढलेत. उद्या हे खूळ इकडं आलं तर? आधीच कायद्यानं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही झोनबंदी बघितलेली माणसं आहोत. रान आमचं, ऊस आमचा, पण घालायचा नेमून दिलेल्या कारखान्यालाच. आता फोनलाही झोनबंदी का?

कागलची_सूनबाई

सर, झोनबंदी इथं बसत नाही. झोनबंदीत कारखान्यानं तुम्हाला रान घेऊन दिलं नव्हतं. इथं कंपनीनं फोन घेऊन दिलाय.

मी गावच्या दूध संस्थेत हिशेब बघतो. सभासद म्हैस घ्यायला कर्ज उचलतो. त्याच्याकडं तारण काय? म्हैसच. हप्ता कुठनं कापायचा? दर दहा दिवसाच्या दूध बिलातनं. मग फिटेपर्यंत दूध आमच्याच संस्थेत घालायचं, एवढी अट. आजवर कुणी त्याला गुलामी म्हटलं नाही. ती अट काढा आणि बघा, बिनतारणी माणसाला म्हैस कोण घेऊन देतंय ते.

फोनचंही तसंच. २००३ मध्ये रिलायन्सचा फोन ५०१ रुपये भरून हातात मिळायचा. माझ्या सासऱ्यांनी घेतलेला. त्यात सिमच नव्हतं, नंबर फोनच्या पोटात. दुसऱ्या कंपनीकडं जायचं म्हटलं तर फोन फेकायचा. पण त्याआधी आमच्या गल्लीत मोबाईल होता कुणाकडं? २०१७ ला जिओफोन आला, दीड हजार अनामत. त्यातही दुसऱ्याचं सिम चालत नाही. भांगलणीला जाणाऱ्या बायकांच्या हातात इंटरनेट पहिल्यांदा आलं ते त्याच फोननं. त्यांना जाऊन सांगा, तुमचा फोन कुलूपबंद आहे, परत करा म्हणून. लाटणं घेऊन मागं लागतील.

पुण्याचा_पाहुणा

सूनबाई असून 'बघतो'? आयडी कुणाचा आहे नक्की?

कागलची_सूनबाई

कोल्हापुरात बायका असंच बोलतात. तुम्ही विषयावर बोला.

आट्याचा_मिस्त्री

सर, तुम्ही कुलपावर भांडताय, पण खरी गंमत कुलूप काढल्यावर हाय. उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवतोय, माझ्या भाषेत सांगतो. बारा एमएमचा बोल्ट आणि बारा एमएमचा नट. दोन्ही बारा. एकाच्या आट्यांतलं अंतर पावणेदोन एमएम, दुसऱ्याचं सव्वा. बसतो का? दोन फेरे जातोय आणि अडकतोय.

बँडचं, म्हणजे फोन आणि टॉवर ज्या लहरींच्या पट्ट्यावर बोलतात त्याचं, तेच हाय. आपल्याकडं फोरजी चालतंय बँड १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ वर. अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६, ७१ असले. सातशे मेगाहर्ट्झ दोन्हीकडं हाय म्हणून खूश होऊ नका. तिकडचं १२ आणि १३, इकडचं २८. आकडा सातशेच, आटे वेगळे. जुळणारा म्हणजे ५, साडेआठशेचा, आणि कुठं कुठं ४१. महागड्या फोनात सगळ्या देशांचे बँड भरलेले असतात, त्यांचं काही अडत नाही. तिकडच्या कंपनीनं स्वतःसाठी करून घेतलेल्या स्वस्त मॉडेलात बरेचदा नसतात.

दुसरं, कॉलिंग. जिओकडं पहिल्यापासून टूजी, थ्रीजी नाहीच. ५ सप्टेंबर २०१६ ला आली तीच फोरजी घेऊन. कॉल जातो तो व्होल्टेनं, म्हणजे फोरजीवरनंच. फोनात इथल्या कंपनीची व्होल्टेची सेटिंग नसली की नेट धावतंय आणि कॉल मात्र लागत नाही. एअरटेलचं टूजी अजून चालू हाय, तिथं फोन खाली उतरून कॉल लावतोय, फोनात ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झचा बँड असला तर. त्यामुळं माणसं म्हणतात एका सिमला चालतोय, दुसऱ्याला नाही, म्हणजे लॉकच हाय. लॉक बिक काय नसतंय बऱ्याचदा.

मॉडेल नंबर टाका सर. मग बोलू.

राजारामपुरी_काउंटर

ती बाराशेची चिप मी पण लावायचो, खोटं कशाला बोलू. कागदासारखी पातळ असते, सिमखाली बसते आणि फोनला सांगते की हे सिम तुझ्याच कंपनीचं. फोन सिमच्या नंबरातले पहिले आकडे बघतो. भारताचे ४०४ नाहीतर ४०५, अमेरिकेचे ३१० पासून पुढचे. चिप तिथं खोटं बोलते. पुढं फोननं अपडेट घेतलं की खोटं उघडं पडतं आणि गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर. म्हणून बंद केलं.

जुना फोन घेताना एवढं करा. *#०६# दाबा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, येईल. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ ला पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथं कळतंय. आयफोन असला तर सेटिंगमध्ये अबाउटला जाऊन कॅरियर लॉकसमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' आहे का बघा. आणि आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या फोनला सिमचा खाचाच नाही, नुसतं ई-सिम, फोनच्या आतलंच. लोक बॉक्स उघडून खाचा शोधत बसतात आणि माझ्याकडं पिन मागायला येतात.

मताचं म्हणाल तर मी सरांच्या बाजूनं. पण सर, 'उद्या इकडं आलं तर' असं म्हणताय तुम्ही. आलंय की. फायनान्सवर फोन घेतला की काही ठिकाणी दुकानातच एक ॲप टाकतात. हप्ता चुकला की स्क्रीन बंद. सिम कुठलंही घाला, फोन उघडतच नाही. हे कंपनीच्या कुलपापेक्षा वाईट. तिथं निदान एका सिमवर फोन चालतो.

कागलची_सूनबाई

म्हणजे बघा, एका सिमचं कुलूप काढायला लावलं की सावकार दुसरं कुलूप आणतो, आणि ते आणखी घट्ट. माझं म्हणणं हेच होतं.

बावड्याचा_वकील

सरांना वाटतं हे संकट इकडं आलं नाही. येऊन गेलं. २००८ मध्ये आयफोन थ्रीजी भारतात एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत आला, आणि त्या कंपन्यांच्या सिमला बांधलेला. त्यावर स्पर्धा आयोगाकडं २०११ ची तक्रार होती, फोन आणि सेवा एकमेकांना बांधून ग्राहकाची कोंडी केली म्हणून. २०१३ मध्ये आयोगानं ती फेटाळली. त्या फोनचा इथल्या बाजारातला वाटा इतका लहान, की त्यानं बाजार अडला असं म्हणता येईना. पुढं बाजारानंच ते मोडून काढलं. एकाच फोनात दोन सिम घालणाऱ्या देशात कुलपाचा धंदा चालणार कसा? बंदीचा कायदा हवाच असेल तर त्याला आधी दुखणं दाखवावं लागतं. आज दुखणं नाही.

शाहूपुरी_सर

वकीलसाहेब, दुखणं आल्यावर कायदा करायचा म्हणजे पंचगंगेला पूर आल्यावर वाळूची पोती भरायची. नंबर न बदलता कंपनी बदलायच्या सोयीच्या वेळेलाही कंपन्या असंच म्हणत होत्या, गरज काय? २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली आणि मग कळलं लोक किती वैतागले होते ते.

सूनबाई, तुमची म्हैस मला पटली, पण अर्धी. कर्ज फिटल्यावर तुम्ही सभासदाला दाखला देता ना? म्हैस त्याच दिवशी मोकळी. माझ्या भाच्याला कुणी दाखला दिला नाही. मागायला पाहिजे, फॉर्म भरायला पाहिजे, आणि मागायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. दावं आपोआप सुटायला हवं.

घाटमाथा_गगनबावडा

तुमचं चाललंय ते सगळं बरोबर असंल. आमच्या वाडीत एकाच कंपनीचा टॉवर हाय. फोन मोकळा, नंबर मोकळा, सिम बदलायची सोय हाय, पण बदलून जायचं कुठं? पावसाळ्यात चार महिने धुकं, लाईट गेली की टॉवर पण तासाभरात झोपतोय. मग पोरं फोन घेऊन वरच्या सड्यावर जात्यात. एकदा सर्पदंश झाला रात्री, गाडी बोलवायला पोरगं दीड किलोमीटर पळत गेलं रेंजला.

जुलै २०२४ ला दर वाढल्यावर गावातल्या आठ-दहा जणांनी बीएसएनएल घेतलं. बाजाराच्या गावात चालतंय, वाडीत आलं की चिन्ह गायब. आता मिस्त्री म्हणतोय तसं बँड २८ नसल्यामुळं की टॉवरच लांब असल्यामुळं, ते आम्हाला काय कळणार. तुमच्याकडं कंपनीनं कुलूप घातलंय, आमच्याकडं डोंगरानं.

आट्याचा_मिस्त्री

मर्दा, बँड २८ चा काय संबंध असंल तर तो फोन किती जुना त्याच्यावर हाय. सातशेची लहर डोंगराआड बरी पोचती, पण जुन्या फोनात २८ नसतोय बऱ्याच वेळा. वाडीतल्या नव्या फोनात सिम घालून बघा. त्यात चिन्ह आलं तर तुमचा फोन म्हातारा, नाही आलं तर टॉवर लांब.

पुण्याचा_पाहुणा

सगळ्यांना एकच विनंती, नवा फोन घ्या. दहा हजारात मिळतो. एका जुन्या फोनापायी एवढा दंगा.

राजारामपुरी_काउंटर

पाहुणं, आमचं पोट जुन्या फोनांवर हाय. तुम्ही चहा घ्या आणि गप बसा.

शाहूपुरी_सर

प्रगती कळवतो. भाच्यानं काल रात्री तिकडच्या कंपनीला फोन लावला. पाऊण तास गाणी ऐकवली आणि मग सांगितलं की अनलॉक होणार नाही. कारण? नंबर बंद करताना शेवटचं बिल राहिलं होतं. साडेअकरा डॉलर.

कागलची_सूनबाई

बाकी भाच्याची आणि शिव्या कंपनीला? आमच्याकडं असता तर सभासदांची यादी फळ्यावर लागली असती.

शाहूपुरी_सर

मान्य नाही. फोनची सगळी किंमत घेऊन झाल्यावर साडेअकरा डॉलरच्या बोलण्याच्या बिलापायी फोन अडवायचा? पेंडेच्या उधारीसाठी फिटलेली म्हैस बांधून ठेवता का तुम्ही?

कागलची_सूनबाई

पेंड पण संस्थेतनंच नेलेली असती सर. कापतो की बिलातनं.

शाहूपुरी_सर

असो. त्यानं पैसे भरलेत, दोन दिवसांत उघडेल म्हणतात. मिस्त्री, पाठीमागचा मॉडेल नंबर तुम्हाला खासगीत पाठवलाय.

आट्याचा_मिस्त्री

बघितला. ५ आहे, ४१ आहे. ३, ४० आणि २८ नाही. व्होल्टेची इथली सेटिंग पण नाही. शाहूपुरीत कधीमधी काड्या दिसतील, कॉलचं काय खरं नाही. आईसाहेब सध्या काय करतात त्या फोनचं?

शाहूपुरी_सर

वायफायवर भजनं ऐकते. आणि पहाटे साडेचारचा गजर.

आट्याचा_मिस्त्री

मग गजर चालू ठेवा. साडेअकरा डॉलर गेले तेवढे.