जलवाहिनी, रसवाहिनी... पण ‘रस’ म्हणजे नेमकं काय?

चिंचोका:
लेकीचा विज्ञानाचा अभ्यास घेत होतो. झाडातली झायलेम म्हणजे जलवाहिनी, फ्लोएम म्हणजे रसवाहिनी. जलवाहिनी म्हटलं की मला पेपरातली ‘जलवाहिनी फुटली, उद्या पाणी नाही’ हीच आठवते, पण ते चालून जातं. अडलो ‘रसा’पाशी. लेक विचारते, "आमरसातला रस?" मुळांकडून वर चढतं त्यालाही रसच म्हणतात की!

खडू-डस्टर:
मूळ ग्रीक नावं जागेवरून पडलीत. झायलॉन म्हणजे लाकूड, फ्लॉइऑस म्हणजे साल. आपण नावं ठेवली कामावरून. इथला रस म्हणजे पानात तयार झालेली साखर (बहुतेक झाडांत सुक्रोज) विरघळलेलं पाणी. आयुर्वेदात अन्नापासून होणारा पहिला धातू (शरीर घडवणारा घटक) रसच, रक्त त्यानंतर. ‘पोषण करणारं ते’ हा अर्थ धरला तर शब्द चपखल आहे.

बांधावरचा:
लिंबाची गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडायचं कलम) बांधून बघा, दोन्ही वाहिन्या कळतील. पेन्सिलीएवढ्या फांदीची पेरभर साल गोल सोलायची, ओलं मॉस लावून वरून प्लॅस्टिक आवळायचं. फांदी वाळत नाही, कारण पाणी आतल्या लाकडातून चढतच असतं. खाली निघालेला रस मात्र कापाच्या वरच्या काठाशी अडतो. काही आठवड्यांनी उघडलं की पांढऱ्या मुळ्या त्याच काठाला दिसतात, खालच्या नाही.

चिंचोका:
वा! म्हणजे पाणी ‘चढतं’ आणि रस ‘उतरतो’?

खडू-डस्टर:
उतरतोच असं नाही. शेंड्याला, फळाला हवा असेल तर वरही जातो. शिवाय दोन्हीकडे ‘वाहिनी’ म्हटल्याने एक फरक झाकला जातो. जलवाहिनीच्या पेशी मेलेल्या, नुसत्या पोकळ नळ्या. पानांतून वाफ उडते तसं पाणी वर ओढलं जातं. रसवाहिनी जिवंत, तिच्यात साखर भरायला बऱ्याच झाडांना एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) मोजावा लागतो.
मला खटकतो तो ‘पेशी’. हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू आणि आपली पेशी म्हणजे त्यांची कोशिका. हिंदी माध्यमातून आलेली पोरं ‘स्नायूपेशी’ वाचून चक्रावतात.

चिंचोका:
आणि तो एटीपी जिथे बनतो, ती तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया?

खडू-डस्टर:
तिथे मात्र शब्दाला शब्द. मायटॉस म्हणजे धागा, कॉन्ड्रिऑन म्हणजे कण. कामाचा उल्लेखच नाही.

चिंचोका:
लेकीला सांगितलं. म्हणे, "मला वाटलं शेवयांची कणीक."