प्रतिसाद : अमिट्रिप्टिलिन घरात असते, पण नैराश्याचे औषध म्हणून नव्हे
नैराश्यावरील नव्या पिढीतील गोळ्या जास्त पोटात गेल्या तरी सहसा जिवावर बेतत नाही, हे या चर्चेतील वरचे म्हणणे सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांच्यापुरते बऱ्याच अंशी मान्य आहे. परंतु त्यावरून, जास्त गोळ्या घेतलेल्याला ‘रात्रभर झोपू द्यावे, सकाळी डॉक्टरांना दाखवावे’ असा जो सल्ला पुढे आला आहे, तो सरळसरळ धोक्याचा आहे. अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरील जुन्या गटातील औषध मधुमेहातील पायांची आग आणि अर्धशिशी यांसाठी कमी मात्रेत सर्रास दिले जाते, त्यामुळे कोथरूड किंवा सदाशिव पेठेतल्या कितीतरी घरांत ते ‘पायाची गोळी’ म्हणून आजीच्या डब्यात असते आणि रुग्णालयात विचारल्यावर नातेवाईक नैराश्याचे कोणतेही औषध घरात नसल्याचे अगदी प्रामाणिकपणे सांगतात. आमच्या नात्यात असेच झाले होते; आतेभावाने गोळ्यांची रिकामी पाकिटे खिशात घातली होती, म्हणून उलगडा झाला.

अमिट्रिप्टिलिनच्या विषबाधेत बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, नाडी धावते, आणि नीट बोलणारा माणूस तासाभरातही बेशुद्ध होऊ शकतो. म्हणूनच ईसीजी तातडीने आणि पुन्हा पुन्हा काढतात : त्यातील क्यूआरएस (हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश पसरताना उमटणारी लहर) 100 मिलिसेकंदांहून रुंद झाल्यास आकडी (फिट) येण्याचा, तर 160 च्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, आणि अशा वेळी शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देणे हा मुख्य उपचार असतो. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय (तोही वर कोणीतरी सुचवला आहेच) येथे टाळावा, कारण शुद्ध हरपताना उलटी फुप्फुसात जाऊ शकते. 108 ला फोन करून पाकिटे सोबत न्यावीत.