शुक्राचे १३ फेरे, सूर्यफुलाचे ५५ वळसे, तंबोऱ्यातला गंधार: निसर्गात खरंच एक लय आहे का?

जोडतार:
आमच्या बाई गाण्याआधी अर्धा-पाऊण तास तंबोराच लावायच्या. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायचं. मग एकदम जवारी लागते, म्हणजे तार भरून घुमायला लागते, आणि खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या तारेतून, गंधार (ग) बोलायला लागतो. पंचम, एकाच सा ला मिळवलेल्या दोन जोडाच्या तारा, एक खर्ज. गंधाराची तार तिथे नाहीच! तार पाच भागांत थरथरते तेव्हा खर्जाच्या पाचपट कंपनं होतात, तोच हा गंधार.

तेव्हापासून मी सगळीकडे पूर्णांक शोधते. गुरू ग्रहाच्या चंद्रांत गॅनिमीडचा एक फेरा होईतो युरोपाचे दोन आणि आयोचे चार होतात. आपल्या ८ वर्षांत शुक्राचे १३ फेरे. सूर्यफुलात ३४ आणि ५५ वळसे. ८, १३, ३४, ५५ सगळे फिबोनाचीचे आकडे (१, १ पासून सुरू करून आधीचे दोन मिळवले की पुढचा येतो). तारेपासून ग्रहांपर्यंत एकच लय आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

कोनमापक:
मला नाही पटत. शुक्राचं १३:८ खूप जवळ जातं, पण त्या प्रमाणात शुक्राला आणि पृथ्वीला धरून ठेवणारं काहीच नाही. योगायोग आहे.

गुरूच्याच घरात बघा. आयोचा फेरा १.७६९१ दिवसांचा, युरोपाचा ३.५५१२. भागाकार २.००७, म्हणजे नेमका दोन नाहीच. आता गॅनिमीड ७.१५४६ आणि चौथा कॅलिस्टो १६.६८९०. भागाकार २.३३३, तीन दशांश स्थळांपर्यंत चोख ७:३! आणि तरी कॅलिस्टो त्या एक-दोन-चारच्या साखळीत नाही. खरे बांधलेले आहेत ते पहिले तिघे. तिघे एकाच वेळी गुरूच्या एकाच बाजूला एका ओळीत कधीच येत नाहीत. त्या ओढाताणीमुळे आयोची कक्षा लांबट राहते, गुरूच्या ओढीने तो कणकेसारखा सतत मळला जातो आणि आतून तापतो. १९७९मध्ये व्हॉयेजर १ या यानाला तिथले जिवंत ज्वालामुखी दिसले. नुसत्या भागाकारावर गेलो असतो तर कॅलिस्टोला जवळ केलं असतं आणि आयोला सोडलं असतं.

रियाज_पहाटे:
पण भागाकार करायची ओढच नसती तर कोणी बघितलं असतं का? खगोलशास्त्रज्ञ केप्लर सुरांच्याच मागे होता. ग्रहांना स्वर वाटून दिलेला त्याचा ग्रंथ १६१९चा, आणि ग्रहांच्या गतीचा त्याचा तिसरा नियम त्याच ग्रंथात आहे: फेऱ्याच्या काळाचा वर्ग सूर्यापासूनच्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात. ते वेड काढून घ्या, मग नियम कुठून येणार?

कोनमापक:
तोच ग्रंथ घेऊ. केप्लरच्या हिशेबाने शनी सूर्यापासून सर्वांत लांब असताना दिवसाला १ कला ४६ विकला सरकतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा), सर्वांत जवळ असताना २ कला १५ विकला. म्हणजे १०६ विकलांना १३५. सा-गंधाराचं ४:५ जमायला १०८ हवेत. त्याने १०८ धरले. दोन विकला फार नाहीत, मान्य. पण सहा ग्रह, प्रत्येकाचे दोन वेग, त्यांच्या इतक्या जोड्या, आणि वर एवढी सूट घेतली तर कुठला ना कुठला स्वर हाती लागणारच. तिसऱ्या नियमामागे गुरुत्वाकर्षण आहे हे न्यूटनने दाखवलं. शनीच्या गंधारामागे कोणालाच काही सापडलं नाही.

रानवाटा:
सूर्यफुलाचं सांगतो, आमच्या शेतात असतं. मागच्या हंगामात वाळलेल्या कणसांवर शाईचे ठिपके देत वळसे मोजले. बहुतेकांत ३४-५५ आले. एकात ४७ आणि ७६. तीनदा मोजले, तेवढेच. ते फिबोनाचीचे नाहीत, पण आधीचे दोन मिळवून पुढचा करायची रीत तीच. कारण साधं आहे. कणसातलं नवं बारीक फूल जिथे जास्त मोकळी जागा मिळते तिथे धरतं आणि लागोपाठच्या दोन फुलांत साधारण १३७.५ अंशांचा कोन पडतो. १९९२मध्ये दुआदी आणि कुदे या भौतिकशास्त्रज्ञांनी तेलाच्या बशीत चुंबकी द्रवाचे थेंब एकामागून एक सोडले. थेंब एकमेकांना ढकलत गेले आणि तशीच नक्षी उमटली. ना बी, ना रोप. म्हणून जोडतार, आकडे खरे आहेत, पण जागेसाठीची ही ढकलाढकल तुमच्या तारेत नाही. एक लय म्हणायला माझं मन घेत नाही.

जोडतार:
शुक्र मागे घेते. कॅलिस्टोचा आकडा मी कधी तपासलाच नव्हता. सूर्यफूलही वेगळं, मान्य.

पण आयो सोडणार नाही. तंबोऱ्याच्या दोन्ही जोडाच्या तारा नीट मिळवा. एकीवर कागदाचा बारीक कपटा दुमडून ठेवा आणि दुसरी छेडा. कपटा थरथरतो, कधी उडून पडतो. दुसरी तार किंचित उतरवली की तो हलतही नाही. बारीक धक्के, पण नेमक्या वेळी येत राहिले की साठत जातात. युरोपा आयोला ओढते तीही अशीच, त्याच्या दर दोन फेऱ्यांना एकदा. याला मी योगायोग म्हणणार नाही, आणि नुसती उपमा तर मुळीच नाही. कोनमापक, कपट्याचं करून बघा आणि मग लिहा.