मदत हवी आहे: अ‍ॅन्सिबलचे फोल्डर हलवले, आता हाताने चालवलं की एक आणि क्रॉनमधनं चालवलं की भलतंच

नमस्कार मंडळी,

तीन दिवस याच्यात अडकलोय, जरा नीट सगळं सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे १४ सर्व्हर आहेत, ४ स्टेजिंगचे (चाचणीचे), १० प्रॉडक्शनचे (प्रत्यक्ष वापरातले), आणि सगळ्यांचं कॉन्फिगरेशन अ‍ॅन्सिबलने (अनेक सर्व्हरवर एकदम सेटिंग लावणारं साधन) होतं. आधी सगळं एकाच फोल्डरमध्ये होतं, साइट प्लेबुक (करायच्या कामांची यादी), होस्ट्स फाइल (सर्व्हरांची यादी, म्हणजेच इन्व्हेंटरी), ग्रुप व्हार्स (सर्व्हरांच्या ग्रुपसाठीच्या व्हॅल्यू), रोल्स (कामांचे तयार संच), कॉन्फिग फाइल (अ‍ॅन्सिबलची स्वतःची सेटिंग्ज), सगळं शेजारीशेजारी. होस्ट्स फाइल एकच असल्यामुळे एकदा लिमिट (ठरावीक सर्व्हरवरच चालवायचा पर्याय) द्यायला विसरलो आणि स्टेजिंगसाठीचा बदल प्रॉडक्शनवर गेला. नुकसान फार झालं नाही पण त्या रात्री ठरवलं की दोन्ही वेगळे करायचे.

आता मांडणी अशी केलीये: वर इन्व्हेंटरीज नावाचा फोल्डर, त्यात स्टेजिंग आणि प्रॉडक्शन असे दोन, प्रत्येकात स्वतःची होस्ट्स फाइल आणि स्वतःचा ग्रुप व्हार्स. प्लेबुक्स नावाच्या फोल्डरात सगळी प्लेबुकं. रोल्स जिथे होते तिथेच, म्हणजे मुळाशी. आणि दोन्हीकडे सारख्या लागणाऱ्या व्हॅल्यूंसाठी जुना ग्रुप व्हार्स पण मुळाशीच ठेवला.

पहिल्याच रनला रोल सापडत नाही असा एरर आला, तो मी कॉन्फिग फाइलमध्ये रोल्स पाथ लिहून मिटवला, लॅपटॉपवर चालायला लागलं. पण रात्रीचा रन जंप सर्व्हरवर (जिथनं बाकीच्या सर्व्हरवर जाता येतं ते मशीन) क्रॉनमधनं (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्रॅम) होतो, तिथे परत तोच एरर! कॉन्फिग फाइल तीच, गिटमधनं ओढलेली, मग का? शेवटी क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये रोल्स पाथचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (शेलकडनं प्रोग्रॅमला मिळणारी व्हॅल्यू) एक्सपोर्ट केला आणि रन पुढे गेला, आणि तिथनं खरा त्रास सुरू झाला.

एक म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड. टेम्पलेटमध्ये (ज्यातनं सर्व्हरवरची फाइल बनते) तो एन्व्ह लुकअपने (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचून) घेतलाय, माझ्या बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) एक्सपोर्ट आहे. क्रॉनच्या रननंतर स्टेजिंगच्या अ‍ॅपच्या फाइलमध्ये पासवर्डच्या जागी काहीच नाही, रिकामं. रन मात्र हिरवा, एकही एरर नाही.

दुसरं, लॉग ३० दिवस ठेवायचे असं मुळाशी असलेल्या ग्रुप व्हार्समध्ये लिहिलंय, सर्व्हरवर ७ दिवस लागलेत. हे हाताने चालवल्यावर पण होतं की नाही ते तेव्हा बघितलं नव्हतं.

तिसरं जरा वेगळं आहे पण इथेच विचारतो. प्लेमध्ये (प्लेबुकातला एक भाग) एन्व्हायर्नमेंट या कीवर्डखाली अ‍ॅपचा मोड आणि प्रॉक्सी दिलाय. रनमध्ये पॅकेजेस प्रॉक्सीतनं उतरतात म्हणजे व्हेरिएबल पोचतोय, पण अ‍ॅपची सर्व्हिस सुरू झाल्यावर तिला मोड दिसतच नाही.

मला मुळात हेच कळत नाहीये की कुठली व्हॅल्यू कुठनं येते ते बघायचं कसं. कृपया कोणीतरी मार्गदर्शन करा, प्रॉडक्शनचा रात्रीचा रन मी सध्या बंद ठेवलाय.

टर्मिनलवाला:

रन बंद ठेवलात ते फार बरं केलंत. तुमचे तिन्ही प्रश्न वेगळे आहेत, मी क्रॉनचं बघतो.

कॉन्फिग फाइल अ‍ॅन्सिबल प्लेबुकच्या शेजारी शोधत नाही. क्रम असा: आधी अ‍ॅन्सिबल कॉन्फिग नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे का, मग तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात तिथली फाइल, मग होम फोल्डरातली लपलेली फाइल, आणि शेवटी ईटीसीतल्या (सिस्टिमच्या सेटिंग्जचा फोल्डर) अ‍ॅन्सिबल फोल्डरातली. पहिली जी मिळेल ती घेतो आणि थांबतो, चारही एकत्र करत नाही. तुम्ही लॅपटॉपवर प्रोजेक्टच्या फोल्डरात जाऊन कमांड देता म्हणून मिळते. क्रॉन होम फोल्डरातनं सुरू होतो, त्याने सीडी (फोल्डर बदलायची कमांड) केलेलं नसेल तर त्याला तुमची फाइल दिसणारच नाही, आणि जंप सर्व्हरवर ईटीसीत कोणीतरी जुनी ठेवली असेल तर ती गुपचूप लागते. हे खरंच तपासा, कारण त्या जुन्या फाइलमध्ये इन्व्हेंटरीचा पाथ पण असू शकतो.

क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला अ‍ॅन्सिबलची व्हर्जन कमांड टाका, तिच्यात कुठली कॉन्फिग फाइल घेतली त्याची ओळ येते. त्याच्या खाली अ‍ॅन्सिबल-कॉन्फिग डंप, ओन्ली चेंज्ड हा पर्याय लावून. ती प्रत्येक बदललेल्या सेटिंगसमोर दाखवते की फाइलमधनं आली का एन्व्हायर्नमेंटमधनं. मला वाटतं तुमचं अर्धं कोडं तिथेच सुटेल.

आणि तो रोल्स पाथचा एक्सपोर्ट काढून टाका. फाइल आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दोन्ही असले तर व्हेरिएबल जिंकतो, सहा महिन्यांनी कोणी फाइलमधला पाथ बदलला तर काहीच होणार नाही आणि का होत नाही ते कोणाला कळणार नाही. फाइलमध्ये रिलेटिव्ह पाथ लिहिला तर तो त्या फाइलच्या जागेपासून धरला जातो, त्यामुळे तिथेच लिहिणं बरं.

पासवर्डचं कारण पण हेच. क्रॉन तुमची बॅशआरसी वाचत नाही. आणि एन्व्ह लुकअपला व्हेरिएबल मिळाला नाही तर तो एरर देत नाही, रिकामी स्ट्रिंग देतो. शिवाय तो लुकअप नेहमी कंट्रोलरवर चालतो, म्हणजे जिथनं तुम्ही कमांड देता त्या मशीनवर, समोरच्या सर्व्हरवर नाही. पासवर्ड व्हॉल्टमध्ये (अ‍ॅन्सिबलची कुलूपबंद, एन्क्रिप्टेड फाइल) टाका, एन्व्हायर्नमेंटमधनं फक्त व्हॉल्टच्या पासवर्ड फाइलचा पाथ द्या, आणि त्या फाइलची परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. तोपर्यंत टेम्पलेटच्या आधी एक असर्ट (अट तपासणारा) टास्क घाला, पासवर्डची लांबी शून्य असेल तर तिथेच थांबेल.

सर्व्हरसखी:

लॉगच्या ३० आणि ७ बद्दल मी सांगते. मुळाशी ठेवलेला तुमचा ग्रुप व्हार्स कोणी वाचतच नाहीये. ग्रुप व्हार्स दोनच ठिकाणी शोधला जातो, इन्व्हेंटरीच्या शेजारी आणि प्लेबुकच्या शेजारी. आधी दोन्ही मुळाशीच होते म्हणून चालत होतं, तुम्ही दोन्ही हलवलेत आणि तो मधेच राहिला. ७ बहुतेक त्या रोलच्या डिफॉल्ट्समधनं आलाय, बघा जरा. डिफॉल्ट्स प्राधान्यात सगळ्यात खाली असतात, वरचं काही मिळालं नाही की तेच लागतात, म्हणून एरर पण येत नाही. हाताने चालवलं तरी ७ च येईल.

रोलमध्ये व्हार्स नावाचा पण फोल्डर असतो, तिथे काही लिहू नका, तो ग्रुप व्हार्सच्या वरचढ असतो आणि मग इन्व्हेंटरीत काहीही बदला, फरक पडत नाही. यात मी स्वतः एक अख्खा दिवस घालवलाय.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. अपडेट देतो.

सर्व्हरसखी ताई, अगदी बरोबर, रोलच्या डिफॉल्ट्समध्ये ७ होतं आणि हाताने पण ७ च आलं. मी तो ग्रुप व्हार्स उचलून प्लेबुक्सच्या फोल्डरात ठेवला, ३० आलं. पण आता नवीनच! स्टेजिंगला मी मुद्दाम डिबग (जास्त तपशिलाची) लॉग लेव्हल ठेवली होती, स्टेजिंगच्या ग्रुप व्हार्समधल्या ऑल फाइलमध्ये (सगळ्या सर्व्हरना लागणारी), ती आता सगळीकडे इन्फो (कमी तपशिलाची) झालीये. मला वाटलं होतं की कॉमन खालचं आणि स्टेजिंगचं वरचं.

टर्मिनलवाला दादा, ईटीसीत खरंच जुनी फाइल निघाली आणि तिच्यात जुन्या होस्ट्स फाइलचा पाथ होता. मी स्क्रिप्टमध्ये इन्व्हेंटरी स्वतः देतोय म्हणून वाचलो. ती काढली, स्क्रिप्टमध्ये सीडी घातलं, तरी फाइल घेत नाही, वर्ल्ड रायटेबल डिरेक्टरी म्हणून कॉन्फिग दुर्लक्षित केली अशी वॉर्निंग येते.

टर्मिनलवाला:

ती वॉर्निंग योग्यच आहे. कोणालाही लिहिता येणाऱ्या फोल्डरातली कॉन्फिग अ‍ॅन्सिबल मुद्दाम घेत नाही, कारण कोणीही तिथे फाइल ठेवून तुमच्या नावाने हवा तो कोड चालवू शकेल. अ‍ॅन्सिबल कॉन्फिग व्हेरिएबलमध्ये पूर्ण पाथ दिलात तर ती घेईल, पण तसं करून गप्प बसू नका, आधी ७७७ (सगळ्यांना लिहायची परवानगी) काढा. ग्रुपला लिहायला हवं असेल तर ७७५ पुरतं. मग सीडी आणि पूर्ण पाथ, दोन्ही स्क्रिप्टमध्येच ठेवा. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाची फाइल) वरती व्हेरिएबल लिहिता येतात, पण तिथे व्हॅल्यूमध्ये डॉलर होम वगैरे लिहिलं तर ते उलगडत नाही, तसंच्या तसं जातं.

सर्व्हरसखी:

तुमचा अंदाज स्वाभाविक आहे पण क्रम उलटा आहे. इन्व्हेंटरीशेजारच्या ऑलपेक्षा प्लेबुकशेजारचं ऑल वरचढ. त्याच्यावर इन्व्हेंटरीशेजारच्या ठरावीक ग्रुपची फाइल, आणि तिच्यावर प्लेबुकशेजारच्या ठरावीक ग्रुपची. म्हणजे लॉग लेव्हल तुम्ही ऑलऐवजी, समजा, वेब अशा एखाद्या ठरावीक ग्रुपच्या फाइलमध्ये लिहिली असती तर ती टिकली असती, पण त्यावर विसंबू नका, उद्या दुसरं कोणीतरी परत ऑलमध्येच लिहील.

मी असं करते: प्लेबुकशेजारी ग्रुप व्हार्स ठेवतच नाही. प्रत्येक इन्व्हेंटरीच्या ग्रुप व्हार्समध्ये ऑल ही फाइल न करता फोल्डर करायचा. त्यातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची आधीचीला झाकते. मग ००-कॉमन ही एकाच मूळ फाइलकडे जाणारी सिमलिंक, आणि १०-स्टेजिंग किंवा १०-प्रॉडक्शन ही त्या त्या ठिकाणची खरी फाइल. गिट सिमलिंक नीट सांभाळतं. नंतर अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी कमांडला होस्टचं नाव देऊन बघा, त्या सर्व्हरला मिळणाऱ्या सगळ्या व्हॅल्यू दिसतात. प्लेबुकशेजारच्या व्हॅल्यू तिला प्लेबुक-डिर दिल्याशिवाय दिसत नाहीत आणि रोलचे डिफॉल्ट्स तर दिसतच नाहीत, सगळं इन्व्हेंटरीशेजारीच ठेवण्याचं माझं हेही एक कारण आहे.

रात्रपाळी:

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितोय. प्लेमधला एन्व्हायर्नमेंट कीवर्ड फक्त त्या टास्क चालताना समोरच्या सर्व्हरवर लागतो, टास्क संपला की गेला. सर्व्हिस सुरू करा असं टास्कने सांगितलं तरी प्रोसेस सुरू करतो सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम), टास्क नाही, आणि सिस्टिमडी सर्व्हिसला स्वतःचं कोरं एन्व्हायर्नमेंट देतो. ईटीसीतल्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये लिहूनही उपयोग नाही, ती लॉगिनच्या वेळी वाचली जाते.

युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टिमडीला सांगणारी फाइल) एन्व्हायर्नमेंट फाइलची ओळ द्या आणि ती फाइल टेम्पलेटने बनवा. साधं नाव, बरोबरचं चिन्ह, व्हॅल्यू. पुढे एक्सपोर्ट लिहायचं नाही, ती शेल स्क्रिप्ट नाहीये, डॉलर लावून दुसरा व्हेरिएबल पण त्यात उलगडत नाही. पाथच्या आधी वजाचं चिन्ह टाकलेली उदाहरणं सापडतील, त्याने फाइल नसली तरी सर्व्हिस सुरू होते. तुमच्या बाबतीत ते नको, फाइल नसेल तर सर्व्हिस पडलेली बरी. फाइल बदलली की हँडलरने (बदल झाला तरच चालणारा टास्क) रीस्टार्ट द्या, तेवढं पुरतं. युनिट फाइलच बदलली तर डेमन रीलोड (सिस्टिमडीला युनिट फाइली परत वाचायला लावणं) पण लागेल.

मूळ प्रश्नकर्ता:

झालं! सिमलिंकवाली मांडणी केली, स्टेजिंगला डिबग आणि ३० दोन्ही बरोबर. फोल्डरच्या परमिशन ७७५ केल्या, क्रॉनच्या लॉगमध्ये आता आपलीच कॉन्फिग फाइल दिसते. पासवर्ड व्हॉल्टमध्ये गेला, असर्ट तरी ठेवलाय. अ‍ॅपला मोड पण मिळतोय, माझ्या टेम्पलेटमध्ये आधी एक्सपोर्ट होतंच, रात्रपाळी यांच्यामुळे लगेच सापडलं.

प्रॉडक्शनवर आज चेक मोड आणि डिफ लावून (काही न बदलता, काय बदलेल ते दाखवणारे पर्याय) चालवलं, १० पैकी ९ सर्व्हरवर फक्त लॉगचे दिवस ७ चे ३० होणार असं दिसतंय, म्हणजे गेल्या आठवड्यात तिथे पण ७ लागलं होतं. दहाव्यावर कोणीतरी हाताने युनिट फाइल बदललेली दिसतेय, ते कोणी आणि का केलं ते विचारल्याशिवाय त्या सर्व्हरला हात लावत नाही. बाकीच्या ९ वर आज रात्री लिमिट लावून चालवतो आणि उद्या इथे कळवतो.