मदत हवी आहे: इलेक्ट्रॉन केंद्रकात का पडत नाही, नववीच्या पोरांना कसं सांगू?

कोल्हापुरात राजारामपुरीत नववीचा क्लास घेतो. अणूच्या रचनेतलं थॉमसन, रदरफोर्ड या शास्त्रज्ञांचं मॉडेल मस्त जातंय, सोन्याच्या पातळ पत्र्यावरनं थोडे अल्फा कण (धन प्रभाराचे कण) उलटे फिरले हे ऐकून पोरं लई खूश. अडतंय बोरच्या मॉडेलपाशी. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा सोडत केंद्रकात पडायला पाहिजे, १९१३ मध्ये बोर म्हणाला ठराविक कक्षेत असला की ऊर्जा सोडत नाही, पण का, असं एका पोरीनं विचारलं आणि प्रश्न खरंच भारी आहे. दोरीला दगड बांधून फिरवून दाखवला, उलट गोंधळ वाढला. इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो ही दे ब्रॉग्लीची १९२४ ची कल्पना मला माहितीय, पण गणित नको, लॅब नाही, तास ४० मिनिटांचा. लाट कक्षेत बरोबर बसली तरच टिकते हे तारेनं नाहीतर दोरीनं वर्गात कुणी दाखवलंय का, आणि ठराविक कक्षा हे चित्रच पुढं बदललं हे आत्ताच सांगू की अकरावीवर सोडू?