इकॉलॉजीचं फील्डवर्क आणि शाळेतलं विज्ञान, दोन्ही एकाच थीसिसमध्ये? माझं मत: चालतं, पण...

गवतपाती:
मास्टर्सला माझ्या थीसिसचे दोन भाग होते. एक, मातीत दडलेल्या बियांचा साठा म्हणजे सीड बँक, आणि दुसरा, तोच प्रयोग सातवीच्या वर्गात करून मुलं काय शिकतात ते बघणं. तेव्हापासून एकच टोमणा ऐकतोय, "म्हणजे नक्की बॉटनी की मास्तरकी?"

माझं म्हणणं एवढंच की जोडता येतं, पण शिवण दिसता कामा नये. फील्डवर एक प्रश्न आणि शाळेत जाऊन वेगळाच 'जागरूकता कार्यक्रम' असं असेल तर ते खरंच ठिगळ. प्रश्न एकच हवा. डार्विनने एका तळ्याच्या काठचा पाण्याखालचा तीन टेबलस्पून चिखल आणला, सहा महिने घरात झाकून ठेवला, उगवेल ते रोप मोजून उपटत गेला. ५३७ रोपं! सगळा चिखल एका कपात मावेल एवढा. आता यात शाळेत न जमण्यासारखं काय आहे सांगा.

आम्ही ट्रेमध्ये माती पसरली, पाणी घातलं, आठवड्यात हिरवे ठिपके दिसायला लागले, मुलं खूश, मी खूश. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण हे बी मातीतलंच कशावरून? खिडकीतून उडून आलं असेल तर?" मी गप्प. कारण माझ्या स्वतःच्या लॅबमधल्या ट्रेंनाही कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी बी नसलेला ट्रे, नव्हता. दुसऱ्या दिवशी भट्टीत तापवलेल्या वाळूचे चार ट्रे मांडले आणि त्यातल्या एकात खरंच रोप आलं. वर्गात गेलो नसतो तर ते आमच्या डेटात सुखाने बसलं असतं.

काटेरी:
असहमत. किस्सा गोड आहे पण तो प्रश्न तुमच्या गाईडने पहिल्याच मीटिंगमध्ये विचारायला हवा होता, बारा वर्षांच्या पोरीने नाही. गाईड झोपला होता म्हणून थीसिसमध्ये शाळा घाला, हा काही युक्तिवाद नाही.

मुळात वेळ कुठून आणणार? झाडं फुलतात तेव्हा शाळेला सुट्टी नाहीतर परीक्षा. तुम्ही ट्रे निवडलेत म्हणून निभावलं, क्वाड्रॅट, म्हणजे आतली झाडं मोजायची चौकट, टाकून बघा. आमच्याकडे एकदा मुलांना मीटर बाय मीटरची चौकट दिली, रँडम नंबर काढून दिले, तरी चौकट बरोब्बर फुलांच्या ताटव्यावरच पडायची :) आणि ओळख? लव्हाळा आणि गवत, दोन्ही 'गवत'. दांडी बोटांत फिरवून बघ, तीन कडा लागतात की गोल, हे शिकवण्यात अख्खी दुपार गेली. मग त्या डेटावर पेपर लिहायचा? ना धड इकॉलॉजी ना धड शिक्षण.

गवतपाती:
मुलांचा डेटा सरसकट टाकाऊ नसतो हो. २००८ च्या एका अभ्यासात किनाऱ्यावरचे खेकडे देशी की परके हे ओळखायला दिलं होतं, तिसरीची मुलं सुमारे ८० टक्के बरोबर आणि सातवीची ९५ टक्के. आणि २०११ साली 'सायन्स'मध्ये ९५ ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांवरचा पेपर आला होता, नुसतं रिसर्च करणाऱ्यांपेक्षा रिसर्च करता करता शिकवणाऱ्यांची हायपोथेसिस मांडण्याची आणि प्रयोग आखण्याची कुवत जास्त सुधारली.

काटेरी:
खेकडा उचलून उलटा करून बघता येतो. फूल न आलेलं गवत उलटं करा नाहीतर सुलटं, पात्याशिवाय काही दिसत नाही. आणि तो पेपर शिकवण्याबद्दल आहे, शिकवा की, कोण नको म्हणतंय! थीसिसचा अर्धा भाग शिक्षणावर हवा असं त्यातून कुठे निघतं?

खडू_फळा:
मी शाळेत विज्ञान शिकवते, जरा आमच्या बाजूने. दर वर्षी कोणी ना कोणी येतं, आधी चाचणी, मग उपक्रम, मग नंतरची चाचणी, गुण वाढले, टाळ्या. अहो नवीन दादा आला, वर्गाबाहेर नेलं, हात मातीत घालू दिले, तर गुण वाढणारच. त्यात प्रयोगाचं श्रेय किती आणि दादाचं किती? चार महिन्यांनी कोणी विचारायला येत नाही. पालकांची संमतीपत्रं गोळा करायची मी, सुकलेल्या ट्रेंना पाणी घालायचं मी.
ट्रे मात्र मी अजून करते, ते खोटं कशाला बोलू. पाठ्यपुस्तकात झाड म्हणजे एक आकृती असते, ट्रेमध्ये चाळीस रोपं जागेसाठी भांडताना दिसतात.

मुळापासून:
काटेरी, दोन विषय वेगळे म्हणताय पण चूक दोन्हीकडे एकच होते हे बघा. जमिनीच्या एका तुकड्यात, पॅचमध्ये, दहा क्वाड्रॅट टाकले म्हणजे दहा रेप्लिकेट, म्हणजे प्रयोगाच्या दहा स्वतंत्र आवृत्त्या, होत नाहीत, पॅच एकच. तसंच एका वर्गातली तीस मुलं म्हणजे तीस रेप्लिकेट नाहीत, वर्ग एक, शिक्षक एक, खिडकी एक. हर्लबर्ट या इकॉलॉजिस्टने १९८४ मध्ये याला स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं, इकॉलॉजीतले प्रयोग तपासले तर इन्फरेन्शियल स्टॅटिस्टिक्स (नमुन्यावरून निष्कर्ष काढायचं गणित) वापरलेल्यांपैकी ४८ टक्क्यांत हीच भानगड निघाली. म्हणून मला वाटतं असा जोड थीसिस करणाऱ्याला हे एकदा नीट कळलं तर दोन्हीकडे उपयोगी पडतं. खडू_फळा ताई 'दादा'बद्दल जे म्हणतायत तेही हेच आहे, दादा आणि उपक्रम वेगळे काढताच येत नाहीत.

काटेरी:
हा मुद्दा मान्य. पण मग दहा-बारा शाळा आणि दहा-बारा पॅच हवेत, दोन वर्षांत एकटा माणूस? म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. गवतपाती, तुमचे वर्ग किती होते?

गवतपाती:
दोन. एकात ट्रे, दुसऱ्यात नुसता धडा.

काटेरी:
आणि पॅच?

गवतपाती:
दोनच. एक चराईचा, एक कुंपणातला. हसू नका. परीक्षकांनी शाळेचा भाग याच कारणावरून तासभर सोलून काढला, आणि गवताच्या भागावर म्हणाले, सुंदर काम आहे.