मदत हवी आहे: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, विंडोज सुरूच होत नाही (अंबड, नाशिक)

अंबड_लेथ
नमस्कार. अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपच्या ऑफिसचा डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, विंडोज १० असलेली २४० जीबी साटा एसएसडी (साटा केबलने जोडलेली, चिपवर चालणारी डिस्क) आणि शिवाय १ टीबीची हार्ड डिस्क. काल लाइट जाऊन आली, तेव्हापासून काळ्या स्क्रीनवर वरचा मेसेज येतो. दुकानदार म्हणतो, एसएसडी गेली, नवीन टाकून फॉरमॅट मारू. टॅलीचा डेटा सी ड्राइव्हला आहे आणि जीएसटी रिटर्न भरायचंय. एसएसडी खरंच गेली का, हे कसं ओळखायचं?

सिडकोकर
फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. बोर्डाला सुरू होण्याजोगी डिस्क मिळाली नाही, एवढंच हा मेसेज सांगतो. चालू करताच डिलीट की दाबत राहा, काही बोर्डांवर एफ२. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, दोन गोष्टी बघा: साटा पोर्टांच्या यादीत एसएसडीचं नाव आहे का आणि तारीख बरोबर आहे का.

नाव नसेल तर प्लग काढून, पॉवर बटण दहा सेकंद दाबून मग कॅबिनेट उघडा. हार्ड डिस्कची चालू केबल आणि पोर्ट एसएसडीला लावून बघा. रुंद पॉवर कनेक्टरही बदलून बघा. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारा स्वस्त जोड असेल तर संशय आधी त्याच्यावर. लेथच्या जागी लोखंडाची बारीक धूळ बोर्डावर बसते, ती कोरड्या मऊ ब्रशने काढा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यातून पाणी आणि तेल येतं.

एवढ्यानेही दिसली नाही तर अजून एक उपाय. अचानक लाइट गेल्यावर काही एसएसडी आतल्या नोंदी जुळवताना अडकतात. डेटा केबल काढा, फक्त पॉवर लावून अर्धा तास मशीन चालू ठेवा, अर्धा मिनिट बंद, पुन्हा अर्धा तास. काही डिस्क यानंतर परत दिसतात.

अंबड_लेथ
दोन्ही डिस्कची नावं दिसतात. तारीख मात्र १ जानेवारी २०१३ आहे.

बोर्ड_दुरुस्ती
म्हणजे बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची सवय असेल तर रात्रभर सगळा भार त्या सेलवरच येतो. सेल संपला की लाइट जाताच बायोसची सेटिंग मूळपदावर जातात. विंडोज यूईएफआय पद्धतीने (मशीन सुरू करायची नवी पद्धत) टाकलेलं असेल आणि बोर्ड लेगसीवर (जुनी पद्धत) गेला, तर डिस्क धडधाकट असूनही हाच मेसेज येतो.

प्लग काढून सेल बदला, अधिकची बाजू वर. तारीख भरा. आता विंडोज कुठल्या पद्धतीने टाकलंय ते बघायचं. दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून बूट करा आणि भाषा विचारते त्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी उघडते. तिथे इंग्रजीत ‘डिस्कपार्ट’ टाइप करा, मग ‘लिस्ट डिस्क’. २४० जीबीच्या ओळीत शेवटच्या जीपीटी रकान्यात (डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत) चांदणी (*) असेल तर बूट मोड यूईएफआय ठेवा आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरला घ्या. चांदणी नसेल तर लेगसीच ठेवा, फक्त क्रमात एसएसडी हार्ड डिस्कच्या वर आणा. डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ ही आज्ञा चुकूनही देऊ नका, पार्टिशन उडतात.

साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते, एएचसीआय (नवी पद्धत) आहे ना, तेही बघा. तो आयडीईवर (जुनी पद्धत) गेला असेल तर विंडोज सुरू व्हायला लागतं आणि निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. तुमचा मेसेज वेगळा आहे, पण बूट मोड दुरुस्त केल्यावर हा अडथळा पुढे उभा राहू शकतो.

सिडकोकर
हार्ड डिस्क काढून प्रयोग करणार असाल तर एक लक्षात ठेवा. दोन्ही डिस्क जोडून विंडोज टाकलं असेल तर बूटची फाइल कधीकधी दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसते. ती डिस्क काढली की एसएसडी एकटी सुरू होत नाही. अशा वेळी डिस्क परत जोडा.

लॅपटॉपवाले हा धागा वाचत असतील तर बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. सेटिंग बदलली की ती मागितली जाऊ शकते.

अंबड_लेथ
सेल बदलला. चांदणी होती, बोर्ड लेगसीवर गेला होता. यूईएफआय केलं आणि विंडोज आलं, टॅलीही उघडली. दोघांचे आभार. एसएसडी आता भरवशाची समजू का?

बोर्ड_दुरुस्ती
आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, तोही मशीनपासून वेगळा ठेवा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून स्थिती बघा. पिवळा किंवा लाल रंग दाखवला तर डिस्क बदलायचीच. निळा असेल तर वापरा, पण यूपीएसवर. लेथची मोटर ज्या लाइनवर आहे त्या लाइनवर कॉम्प्युटर नको, वायरमनकडून ऑफिसला वेगळी लाइन ओढून घ्या.